न धुतलेला डगला

देल्फिनाचा कामाचा डगला जमिनीवर ठेवला तर पडणार नाही, माणसासारखा उभा राहील, असं इटलीतल्या वालेंझा गावच्या पॉलिशवाल्या बायका म्हणायच्या. मेण, तेल, पॉलिशच्या लाल वडीची भुकटी आणि घाम पिऊन पिऊन त्याचं कापड इतकं कडक झालं होतं की तिने हात वाकवला की कोपरापाशी करकर वाजायचं. बाकीच्या जणी दर शनिवारी आपापले डगले घरी नेत आणि गावाच्या हौदावर राखेच्या पाण्यात साबण लावून रगडून काढत. देल्फिनाही आपला घरी न्यायची, पण सोमवारी तो होता तसाच परत यायचा. अगदीच चालेनासा झाला की ती नवा विकत आणायची. जुन्याचं काय करते, हे कुणी विचारलं नाही. साबणाला पैसे नको म्हणून करते, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

एव्हाझियोच्या दागिन्यांच्या कारखान्यात ती पॉलिशच्या चाकावर बसायची. युद्ध संपून काही वर्षं झाली होती, लोक पुन्हा लग्नं करत होते, अंगठ्यांना मागणी होती. चाकावरचा केसांचा ब्रश गरगर फिरायचा, त्याला वडी लावायची आणि अंगठी दोन बोटांत धरून टेकवायची. काळपट धूळ उडून छातीवर, बाह्यांवर, भुवयांवर बसायची. गळ्यापर्यंत बटणं, मनगटापर्यंत बाह्या, रंग गडद निळा, असा डगला घातल्याशिवाय चाकावर बसायचं नाही, हे मालकाचं फर्मान होतं. तो घ्यायचा मात्र बाईने, स्वतःच्या पगारातून.

दागिने घडवायच्या टेबलावरच्या पुरुषांचं तसं नव्हतं. त्यांच्या मांडीवरची चामड्याची झोळी कारखान्याची, कारण कानशीने उडालेला सोन्याचा कीस तिच्यात पडायचा. कारखान्यात काहीच वाया जात नसे. पायाखाली लाकडी जाळ्या, त्यांच्याखालचा केर भरून ठेवलेला. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवलेलं. वर्षातून एकदा, हिवाळा संपता संपता, कार्लिन नावाचा झारेकरी गाडी घेऊन यायचा आणि केर, झिजलेले ब्रश, पिंपाच्या तळचा गाळ असं सगळं नेऊन, जाळून, गाळून त्यातलं सोनं काढून द्यायचा. बायकांच्या अंगावरचे डगले तेवढे कारखान्याचे नव्हते, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. डगल्याचा खर्च वाचला, यातच एव्हाझियो खूश होता.

देल्फिनाचं लक्ष मात्र गेलं होतं. कारखान्यात लागल्यावर दोन-तीन वर्षांनी तिने एक फाटका डगला चुलीत घातला. सकाळी राख काढताना फावड्याच्या टोकावर काहीतरी लुकलुकलं. तिने राख ताटलीत घेतली, पाणी घालून हलवली, पुन्हा घातली, पुन्हा हलवली. तळाशी बारीक पिवळी रेघ राहिली. नवरा पिनोत आत येतोय असं वाटताच तिने ताटलीवर फडकं टाकलं.

पिनोतला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. तो पो नदीतून होडीने वाळू काढायचा आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर पोटातलं सगळं ओठांवर आणायचा. देल्फिनाने माळ्यावर एक लाकडी पेटी ओढून ठेवली आणि त्या दिवसापासून एकही डगला धुतला नाही.

"अगं, त्या चिंध्यांना वास येतोय," पिनोत म्हणायचा.

"वास येतो म्हणून उंदीर येत नाहीत," ती म्हणायची. पिनोतला ते पटायचं. त्याला कुणाचंही पटायचं.

देल्फिनाला कुणाचंच पटत नसे. ती भाताच्या शेतांच्या मुलखातली. सात-आठ वर्षांची असताना, चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, जमीनदारणीने तिला बूट दिले होते. काळे, नवेकोरे, फुकट. त्यानंतर कितीतरी हिवाळे तिची आई जमीनदारणीच्या चादरी धूत राहिली, आणि ती बाई अंगणात आली की आधी मुलीच्या पायांकडे बघायची, "जपून वापरतेस ना गं?" पाय वाढले, बूट चावायला लागले, तरी घालावेच लागले. तेव्हापासून देल्फिना दुसऱ्याने दिलेलं अंगाला लावत नसे. पाद्रीबुवांनी तिची स्तुती केली तर आता वर्गणी मागणार म्हणून ती आधीच पिशवी काखेत दाबायची. पेटीतल्या डगल्यांबद्दल तिच्या मनात काही खुपत नव्हतं. कापड मी घेतलं, त्यावर येऊन जे बसलं ते मी बोलावलं नव्हतं, असा तिचा हिशेब होता. तो ती कुणापुढे मांडायला मात्र गेली नाही.

अशातच इर्माने डगल्याचा विषय काढला.

इर्मा तिशीची, लांब ढांगा टाकणारी, युनियनच्या सभांना जाणारी बाई. दुपारच्या जेवणाच्या खोलीत ती बाकावर उभीच राहिली.

"ब्रश कुणाचा? कारखान्याचा. वडी कुणाची? कारखान्याची. पुरुषांची झोळी? ती पण कारखान्याची. मग डगला घाला म्हणून सांगायचं त्याने आणि घ्यायचा आम्ही, हे कुठलं?"

"बूट पण माग," कुणीतरी मक्याच्या पोलेंट्याच्या घासातून म्हणालं.

"बूट पुढच्या वर्षी. आज डगला. हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. देल्फिना चीज कापत राहिली.

"देल्फिना, हात दुखतोय का तुझा?"

"मला नको फुकटचा डगला."

"फुकटचा? अगं, आपल्या हक्काचा आहे!"

"दुसऱ्याने दिलेलं अंगावर घातलं की देणारा अंगाकडे बघायला लागतो. मी माझा घेते, मला परवडतो."

"परवडणारच! साबण कुठे लागतो तुला?"

मागच्या एकीच्या या बोलण्यावर खोलीत हशा पिकला. इर्मा हसली नाही. ती बाकावरून उतरून देल्फिनासमोर येऊन उभी राहिली. "मालकाने काय खाऊ घातलंय ते तरी सांग. आम्हीपण खाऊ थोडं."

देल्फिनाने चीज फडक्यात बांधलं आणि ती चाकावर जाऊन बसली. त्यानंतर तिच्या बाकावर कुणी बसेना. ती आली की बोलणं थांबायचं, गेली की सुरू व्हायचं. मालकाची मांजर असं तिचं नाव पडलं. तिलाही इर्माचा संशय येऊ लागला. इतकी वर्षं कुणी डगल्याचं नाव काढलं नाही, आणि आताच का? हिने हौदावर मळात काही चमकताना पाहिलं असेल का? माझ्या माळ्याचं कुणी सांगितलं असेल का? ती घरी गेली की आधी पेटीचं कुलूप ओढून बघायची.

बायका एव्हाझियोकडे गेल्या, तेव्हा त्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "आज डगले, उद्या परकर शिवून मागाल. ज्याचं अंग त्याचं कापड. चला, कामाला लागा." बायकांनी चाकं थांबवायची भाषा केली. त्याने हात झटकले. असं दोन-तीन आठवडे चाललं, आणि मग एके दिवशी त्याने देल्फिनाला एकटीलाच वर आपल्या खोलीत बोलावलं.

"या, बसा देल्फिनाबाई."

एरवी तो सगळ्यांना अगं-तुगं करायचा. देल्फिना खुर्चीच्या अगदी कडेला बसली. त्याने तिच्यापुढे कॉफी ठेवली, भाजक्या जवाची नव्हे, खरी कॉफी. तिने कपाला हात लावला नाही.

"सगळ्यांत शहाण्या तुम्हीच. बाकीच्या इर्माच्या नादी लागल्यात. तुम्ही एकट्या म्हणालात, मला नको म्हणून."

"नकोच आहे मला, मालक."

"तेच म्हणतो मी. का बरं?"

"सवय आहे माझ्या डगल्याची."

"सवय," एव्हाझियो म्हणाला आणि हसला. "माझा बाप सोनार, आजा सोनार. पण खिशातले पैसे घालवायची सवय लागलेला माणूस मी अजून पाहिला नाही बघा." त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली आली आणि तिच्या बाहीवर अडकली. कोपरापासून मनगटापर्यंत कापड काळंकुळीत, चामड्यासारखं झालेलं. तो टेबलावरून पुढे झुकला आणि करंगळीच्या नखाने त्याने बाही खरवडली, जरा गंमत केल्यासारखी. मग ते नख त्याने खिडकीच्या उजेडाकडे नेलं. "हा कधी धुता तुम्ही?"

"धुते की," देल्फिना म्हणाली.

जिना उतरताना तिला आपली चूक उमगली. गप्प बसून, एकटीने नको नको म्हणून तिने स्वतःच त्याला वाट दाखवली होती. बाकीच्यांसारखा हात वर केला असता तर त्याने कधी वळूनही पाहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्लिनची गाडी अंगणात उभी दिसली. अजून द्राक्षांची तोडणीसुद्धा झाली नव्हती. झारेकऱ्याचं या दिवसांत काम काय? तो केराला न शिवता वर गेला, बराच वेळ वर बसला आणि रिकाम्या हाताने गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एव्हाझियो स्वतः पॉलिशच्या खोलीत आला आणि चाकं थांबवायला सांगून म्हणाला, "बायांनो, मी विचार केला. तुमचं बरोबर आहे. काम माझं, तर कपडेही माझेच हवेत. येत्या शनिवारी प्रत्येकीला दोन नवे डगले. धुवायचे पण आम्हीच, तुम्ही घरी न्यायची कटकट नको. फक्त एक करा. जुने असतील नसतील तेवढे आणून द्या. फाटके चालतील, मळके चालतील. सगळे एकसारखे दिसायला हवेत, जुनं एक नको इथे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने इर्माला मिठी मारली. इर्माही हसत होती, पण तिच्या भुवया खाली आलेल्या देल्फिनाने पाहिल्या. इतक्या दिवसांचा नन्ना एका रात्रीत कसा विरघळला, हे तिलाही पटलेलं नव्हतं. पण जिंकलेल्या बाईने जास्त विचारायचं नसतं, म्हणून ती गप्प राहिली असावी.

देल्फिना संध्याकाळी पिनोतला जेवायला वाढताना म्हणाली, "एखाद्याने नवं दिलं आणि बदल्यात मळकं मागितलं, तर तू काय समजशील?"

"भला माणूस समजेन."

"आणि फाटकंही चालेल म्हणाला तर?"

"अजून भला," पिनोत म्हणाला आणि वाडगं पुढे केलं.

वाढता वाढता ती मनात हिशेब करायला लागली. अंगावरचा एक डगला देऊन टाकावा आणि गप्प बसावं, पेटी माळ्यावर सुखरूप राहील. बाकीच्यांचं जाईल ते जाईल. त्यांनी तरी तिला काय दिलं? एक नाव दिलं, मांजर म्हणून. पण मग तिला मालकाचं ते नख आठवे, उजेडाकडे धरलेलं. आपण गप्प बसलो की तो मळके डगले पोत्यात भरणार, आणि टाळ्या पण त्यालाच. तिला जमीनदारणीचा आवाज कानात ऐकू यायला लागला.

शुक्रवारी दुपारी ती न बोलावता इर्माच्या बाकावर जाऊन बसली. बाकीच्या सरकल्या.

"उद्या डगले देऊ नका," देल्फिना म्हणाली.

"आलं! मालकाने नवा निरोप पाठवला वाटतं?"

"देऊ नका म्हणते ना."

"का ते सांग. नाहीतर ऊठ इथून."

देल्फिनाने आपली बाही टेबलावर ठेवली. सुरीच्या पाठीने खरवडून काळा चुरा तिने पावावर पाडला नाही, हाताच्या तळव्यावर घेतला आणि इर्माच्या नाकासमोर धरला. "कार्लिन परवा कशाला आला होता? केर नेला त्याने? मालकाला मळकं कशाला हवं? एरवी तुटकी सुई टाकत नाही तो माणूस आणि दोन-दोन डगले वाटतो? हे हवंय त्याला."

बायका त्या चुऱ्याकडे बघत राहिल्या. पुरुषांच्या झोळीतला कीस, पिंपाचा गाळ, जाळीखालचा केर हे सगळं त्यांना रोजचं होतं. आपल्याच छातीवरच्या मळाचं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

इर्मा सगळ्यांत आधी सावरली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

देल्फिनाने चुरा फडक्यात बांधला.

"म्हणून धूत नाहीस तू. देवा! आम्ही हौदावर रगडून रगडून नदीला सोनं पाजतोय, आणि ही शेजारी उभी राहून बघतेय. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आठवड्यात मालकाला कळलं असतं."

"म्हणजे आमच्यापैकी कुणी चुगली केली असती?"

"हो," देल्फिना म्हणाली.

एक बाई उठून निघून गेली. दुसरी म्हणाली, "आणि आज सांगतेस, कारण आता तुझं पण जाणार म्हणून." देल्फिनाने तेही नाकारलं नाही. इर्मा तिच्याकडे रागाने पाहत होती. मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला आणि ती एकदम हसायलाच लागली, टेबलावर डोकं टेकून.

"द्यायचे," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या सगळ्यांनी डगले द्यायचे. पण नीट धुऊन द्यायचे हं. आपण काय घाणेरड्या बाया आहोत?"

शनिवारी एव्हाझियो टेबल मांडून बसला होता. एका बाजूला नव्या डगल्यांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला तोंड उघडं ठेवलेली मोठी पोती. इर्मा पुढे झाली आणि तिने आपला जुना डगला त्याच्या पुढ्यात ठेवला. उकळलेला, निळीत घातलेला, कांजी करून इस्त्री केलेला. कडेने घडी, बटणं वर. तिच्यामागून दुसरी, तिसरी. खोलीत साबणाचा वास दरवळला. धुण्याचं पाणी कोणी हौदावर सांडलेलं नव्हतं. ते घरोघरी घंगाळात झाकून ठेवलेलं होतं. गाळ खाली कसा बसू द्यायचा हे त्यांना कारखान्यानेच शिकवलं होतं.

एव्हाझियोने एक डगला उलगडला, दुसरा उलगडला, तिसऱ्याची कॉलर उलटी करून पाहिली. त्याचा चेहरा लाल होत गेला.

"धुवायची काय गरज होती?"

"असं कसं मालक? तुमच्या हातात मळकं द्यायचं?"

"मी सांगितलं होतं, मळके चालतील!"

"चालतील म्हणालात, हवेत म्हणाला नव्हता," इर्मा गोड आवाजात म्हणाली. "मळकेच हवे होते का? कशाला हो?"

खरं बोलावं तर मळातल्या सोन्याचं सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. दागिने घडवायच्या टेबलांवरचे पुरुष माना खाली घालून कानशी चालवत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी देल्फिना आली. तिचा डगलाही धुतलेला होता. इतका मऊ की तो तिचाच आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता. एव्हाझियोने तो चिमटीत धरला.

"एकच?" आता 'बाई' नव्हतं, 'तुम्ही' नव्हतं. "इतकी वर्षं आहेस इथे आणि एकच डगला?"

"मी जपून वापरते, मालक."

त्याने रांगेतल्या बायकांकडे पाहिलं. शुक्रवारी तोंडावर उठून गेलेली बाई देल्फिनाच्या मागेच उभी होती. आता ही बोलणार, असं तिला वाटलं. ती बाई म्हणाली, "मालक, लवकर करा, चूल पेटवायची आहे घरी."

तरीही देल्फिनाला माळ्यावरची पेटी घरात ठेवणं धोक्याचं वाटायला लागलं. आज बोलली नाही ती उद्या बोलेल. रविवारी पहाटे धुक्यातच तिने पिनोतला उठवलं आणि पेटी होडीत ठेवायला लावली. निम्म्या नदीत आल्यावर तिने त्याला खरं काय ते सांगितलं. वल्ही हातात तशीच धरून तो तिच्याकडे बघत बसला आणि होडी प्रवाहाबरोबर तिरकी व्हायला लागली.

"मला सांगायचं होतंस की गं."

"वल्हव," देल्फिना म्हणाली.

कार्लिनकडे जायचा प्रश्नच नव्हता. वरच्या अंगाला काझालेजवळ एक दुसरा झारेकरी होता, तिथे ते गेले. त्याने डगले भट्टीत घातले, राख कुटली, पारा घातला, मूस चढवली. देल्फिना सगळा वेळ स्टुलावर बसून त्याच्या हातांकडे बघत होती. पिनोत म्हणाला जरा बाहेर वाऱ्यावर बस, तर ती हललीसुद्धा नाही. शेवटी मुशीतून जो गोळा निघाला तो तिने मनात धरला होता त्यापेक्षा बराच लहान होता.

"एवढंच?"

"बाई, बाकी मेण होतं, आणि लोखंड, आणि तुमचा घाम," झारेकरी म्हणाला.

त्याने तिला फसवलं की नाही, हे तिला कधी कळलं नाही. तिचं ठाम मत होतं की पारा घालताना त्याने पाठ फिरवली तेव्हाच काय ते झालं. त्या गोळ्यातून घराच्या छपराची कौलं बदलून झाली, आणि पिनोतच्या होडीचा गळका तळ. कौलं बघून शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा पिनोत म्हणाला, मावशी वारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काहीतरी पोटात ठेवलं.

कारखान्यात नवे डगले आले ते राहिलेच. दाराशी खुंट्या, प्रत्येकीवर नाव, संध्याकाळी तिथे अडकवून जायचं. डगल्याला खिसे नव्हते. बायका कुरकुरल्या, पण पगारातून काही जात नव्हतं आणि हौदावरचं रगडणंही वाचलं होतं. वर्षातून एकदा कार्लिन जुने झालेले डगले आणि धुण्याचा गाळ पोत्यात भरून न्यायचा. आता उघडपणे न्यायचा, कुणी कुणापासून लपवत नव्हतं. देल्फिना खुंटीवर डगला टांगायच्या आधी खिडकीशी जाऊन तो जोरात झटकायची. एव्हाझियोने एकदा पाहिलं आणि ओरडला. "तुमचा आहे, तुम्ही सांभाळा," ती म्हणाली. त्यानंतर त्याने खिडकीला बारीक जाळी बसवली.

बायका तिच्याशी बोलायला लागल्या, पण पूर्वीसारखं नाही. तिच्यासमोर कुणी घरातलं सांगत नसे. बाहेर कुठे नवी चांगली नोकरी असल्याचं कळलं तर ते तिला सगळ्यांत शेवटी कळायचं. तिला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या जागी तिनेही तेच केलं असतं.

नोव्हेंबरात, सान मार्तिनोच्या सणाच्या सुमारास, एके संध्याकाळी कारखान्यातून चढावर जाताना इर्माने तिला गाठलं. धुक्यात दोघी काही वेळ शेजारून चालल्या.

"एक विचारू?" इर्मा म्हणाली. "मालकाने जुने मागितले नसते, नुसते नवे दिले असते, तर आम्हाला सांगितलं असतंस?"

"नाही."

इर्मा थांबली. देल्फिना पुढे चालत राहिली, मग तिलाही थांबावं लागलं.

"खोटं तरी बोलायचं गं," इर्मा म्हणाली.

"खोटं बोलले असते तर तू ओळखलं असतंस. मग मी काय काय लपवते, याचाच विचार करत बसली असतीस."

"तो तर मी अजून करते." इर्माने शाल डोक्यावरून ओढून घेतली. "उद्यापासून आमच्या बाकावर बस. त्या कोपऱ्यात एकटी बसून खातेस ते बघवत नाही. पण चीज तुझं तू आण. माझ्यातलं मिळणार नाही."

देल्फिनाला हे बोलावणं कशासाठी असेल, याचा विचार घरी पोचेपर्यंत पुरला. दुसऱ्या दिवशी ती इर्माच्या बाकावर बसली. मात्र भिंतीकडे पाठ करून, दार दिसेल अशी.